हजेरीचे अकरा सेकंद

मी अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, एकोणीस वर्षं झाली. ही एका मुलीची केस आहे, आठवी ते दहावी अशी तीन वर्षांची, आणि ती जेवढी तिची आहे तेवढीच माझीपण आहे, कारण यातल्या निम्म्या चुका मी केल्यात. तिचं नाव, गाव सांगणार नाही. नाव 'प'ने सुरू होतं आणि गावाचं नावही 'प'नेच, एवढं मात्र सांगावंच लागेल, सगळं त्या 'प'पाशीच अडलेलं होतं. लिहू का म्हणून तिला विचारलं तर तिने आधी वाचायला मागितलं, दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं, मग हो म्हणाली.

जून २०२२ला ती आठवीत आली, गावातल्या झेडपी शाळेतून सातवी करून. वर्गात ४४ पोरं. पहिल्याच आठवड्यात कळलं की हिला बोलताना त्रास होतो. आपल्या डोक्यात तोतरं बोलणं म्हणजे प-प-प असं काहीतरी असतं, तिचं तसं नव्हतं, तिचा आवाज निघायचाच नाही. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी जराशी वर, डाव्या हाताचा अंगठा मुठीत दाबलेला, गळ्याची शीर दिसायला लागायची, आणि मग एकदम शब्द सुटायचा, विहिरीवरची मोटर चालू केली की पाइपातून आधी नुसती हवा येते आणि मग भस्सकन पाणी येतं ना, तसा. एकदा सुटला की पुढचं वाक्य अगदी सरळ. पुन्हा 'प' आला किंवा 'क' आला की पुन्हा बंद.

वडील गवंडीकाम करतात, आई मजुरीला जाते, कापसाच्या दिवसात वेचणीला, घरात आजी आणि लहान भाऊ. घरी सगळे अहिराणीच बोलतात. आजी सांगते की तीन-साडेतीन वर्षांची असताना हे सुरू झालं, आणि वडिलांचे एक चुलते होते तेपण असंच बोलायचे. उपाय म्हणाल तर सगळे करून झालेले. वेखंड मधात उगाळून जिभेवर, अक्कलकारा, तोंडात खडा धरून बोलायला लावणं, आणि ती सहावीत असताना कोणीतरी सांगितलं म्हणून जिभेखालचा पडदा कापून आणला होता. आठ दिवस पातळ खिचडीवर होती पोरगी. फरक काहीच पडला नाही आणि पडणारही नव्हता, कारण जिभेत तिच्या काही नव्हतंच. नंतर मी वाचलं की १८४१ साली डायफेनबाख नावाचा एक जर्मन सर्जन तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळाचा तुकडा कापून काढायचा, तेव्हा भूल द्यायचीपण सोय नव्हती. पावणेदोनशे वर्षं उलटून गेली तरी आपण अजून जिभेखालीच शोधतोय, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आता माझी पहिली चूक. आठवीचा ऑगस्ट. 'मी पाहिलेला बाजार' यावर प्रत्येकाने उभं राहून चार वाक्यं सांगायची होती. तिचा नंबर आला, ती उठली आणि म्हणाली, मी आजीसोबत बाजारात गेली, तिथे मी लई गर्दी देखली. आता देखणं हा अस्सल अहिराणी शब्द, आमच्या पोरांच्या तोंडात तो असतोच आणि मी मराठीची बाई, माझं सगळं आयुष्य 'देखली' खोडून 'पाहिली' लिहिण्यात गेलंय. मी म्हटलं, देखली नाही गं, पाहिली. म्हण बरं, पाहिली. ती थांबली. ओठ मिटले. मी परत म्हटलं, हं, पाहिली. अंगठा मुठीत गेला. वर्गात खुसखुस सुरू झाली, मागच्या बाकावरच्या एका पोराने तोंड तसंच करून दाखवलं आणि हशा पिकला. मी पोरांना ओरडले आणि तिला म्हटलं, बरं राहू दे, बस. ती बसली. चार वाक्यांतली दोनच झाली होती. तिच्या नावापुढे मी शेरा लिहिला, 'बोलीचा प्रभाव जास्त, शुद्ध बोलण्याचा सराव हवा'. ते रजिस्टर अजून माझ्याकडे आहे.

दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आणि ती मी चांगल्या मनाने केली. त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही, मी ठरवलं की या पोरीला पुन्हा कधी असं उभं करायचं नाही. वर्गाला दम दिला. तिला प्रश्न विचारणं बंद केलं. तोंडी कामाऐवजी लिहून घ्यायला लागले. हजेरीला बाकीचे 'प्रेझेंट मॅडम' म्हणतात, तिला सांगितलं की बेटा तू नुसता हात वर करत जा. स्टाफरूममध्येपण सांगितलं सगळ्यांना, की तिला बोलायला लावू नका, सगळ्यांनी ऐकलं, सगळे चांगले लोक आहेत. आणि असं करता करता जवळजवळ एक वर्ष, सप्टेंबर २०२२ ते पुढचा ऑगस्ट, ती पोरगी माझ्या तासाला एक शब्द बोलली नाही. मला वाटायचं ती खुशीत आहे. त्रास नाही, रडारड नाही, वहीपण टापटीप.

वहीमुळेच डोळे उघडले खरं तर. नववीत निबंध दिला होता पावसावर. तिच्या निबंधात एक ओळ होती, 'पहिल्या पावसात पत्र्यावर पडणारे थेंब मोजता येतात, नंतर येत नाहीत.' मी ती ओळ दोनदा वाचली, आधी आवडली म्हणून आणि मग वेगळ्याच कारणाने. पहिल्या, पावसात, पत्र्यावर, पडणारे. सगळे 'प'. पान भरून 'प' होते, पहाट होती, परसदार होतं, आणि 'पाहिलं' पाच-सहा वेळा होतं, एकदाही 'देखलं' नव्हतं. मग ही पोरगी बोलताना 'देखलं' का म्हणते? मी एक कागद घेतला आणि गेल्या वर्षीचं तिचं बोलणं जेवढं आठवलं तेवढं डावीकडे लिहिलं आणि उजवीकडे ती वहीत काय लिहिते ते. तोंडाने बुक, वहीत पुस्तक. तोंडाने एक्झाम, वहीत परीक्षा. सवाल आणि प्रश्न. धाडलं आणि पाठवलं. आंगडं आणि कपडे. देखली आणि पाहिली. उजवीकडचा एकूणएक शब्द 'प'ने नाहीतर 'क'ने सुरू होणारा होता.

म्हणजे तिला मराठी येत नव्हतं असं काही नव्हतंच. तिला माझ्यापेक्षा जास्त शब्द येत होते. रस्त्यावरचा खड्डा ड्रायव्हरला लांबूनच दिसतो आणि तो आधीच गाडी बाजूला घेतो, तसं ती बोलता बोलता दोन शब्द पुढचं बघत होती आणि अहिराणी, मराठी, इंग्रजी तिन्हीतून जो शब्द सुटेल तो उचलत होती, तेपण अर्ध्या सेकंदात. आणि मी काय केलं, तर तिने चुकवलेल्या नेमक्या त्याच खड्ड्यात तिला भर वर्गात नेऊन उभं केलं, वर शेरा लिहिला शुद्ध बोलत नाही म्हणून. स्टाफरूममध्ये तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसून होते.

त्याच श्रावणात तिच्या आईने कानबाईला बोलावलं. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, नारळाची मूर्ती, नथ, दागिने, चौरंगावर केळीचे खांब लावून, भाऊबंदकी सगळी एका घरात जमते, रोट असतात, पुरणपोळ्या, गंगाफळाची भाजी, आणि रात्रभर बाया अहिराणी गाणी म्हणत जागतात, सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. मी रात्री नऊच्या सुमारास गेले. ती आजीच्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि गात होती. आवाज खणखणीत. एका गाण्यात ओळीओळीला 'क' येत होता आणि तिचा एकही अडला नाही. अंगठा मुठीत नव्हता, दोन्ही हात टाळ्या वाजवत होते. माझ्या मागे बसलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "गाना म्हनतांना कशी खडखड म्हनस, मंग बोलतांना काय व्हस? नाटकं शेतस बठी." म्हणजे सगळी नाटकं आहेत. मी मागे वळून काही बोलले नाही कारण मला स्वतःला उत्तर माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलापण तसंच वाटून गेलं होतं.

आईशी बोलले तर आईची काळजी वेगळीच. लग्नाची. चौदा वर्षांची पोरगी आणि आईच्या डोक्यात आत्तापासून, पाहुणे आले की हिला नाव विचारतील आणि हिला नाव सांगता येत नाही. खरंच, स्वतःचं नाव हाच तिचा सगळ्यात अवघड शब्द होता, कारण दुसऱ्या कुठल्याही शब्दाला बदली शब्द असतो, नावाला नसतो. आजी मात्र मधेच म्हणाली, "तिले बोलाले टाईम लागस, लागू द्या ना." तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं लाडाचं बोलणं वाटलं. पुढे जळगावच्या स्पीच थेरपिस्टनेपण जवळपास हेच सांगितलं, फक्त जास्त वेळ लावून.

जळगावला आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो, रेल्वेने, ती, तिची आई आणि मी. थेरपिस्ट मॅडमनी पहिल्यांदा तिलाच विचारलं की तुला काय हवंय, आणि तिला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ त्या तिच्याकडे बघत शांत बसून राहिल्या. नंतर आम्हाला जे समजावून सांगितलं ते थोडक्यात असं. दर शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात, बहुतेकांचं आपोआप जातं, मोठेपणी साधारण शंभरात एकाचं राहतं, आणि मोठ्यांत पुरुष जास्त, चारास एक बाई असं प्रमाण. घराण्यात चालत येतं (चुलते आठवले). मेंदूत बोलण्याची वेळ जुळवणाऱ्या यंत्रणेतला तो फरक आहे, भीतीने होत नाही, घाबरल्यामुळे वाढतं फक्त. बुद्धीशी संबंध नाही. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं कारण तिथे लय बाहेरून मिळते आणि पुढचा शब्द आयता ठरलेला असतो, म्हणून कानबाईचं गाणं सुटतं आणि हजेरी अडते. आणि 'हळू बोल', 'दीर्घ श्वास घे', 'घाबरू नको' हे म्हणायचं नाही. तिचा शब्द आपण पुरा करायचा नाही. नजर वळवायची नाही. मी हे सगळंच करत आले होते, रोज, प्रेमाने.

सगळ्यात जास्त त्या बोलल्या ते चुकवण्याबद्दल. म्हणाल्या, हे हिमनगासारखं आहे, अडखळणं वर दिसतं तेवढंच असतं, खाली पाण्यात जे बुडालेलं आहे ते शब्द टाळणं, माणसं टाळणं, जागा टाळणं, तेच जास्त जड. मग त्यांनी तिला विचारलं की तू काय काय टाळतेस. तिने एक सांगितलं ते तिच्या आईलापण माहीत नव्हतं. शाळेला पास आहे, तिथे बोलावं लागत नाही, पण सुट्टीत मामाकडून परत येताना तिकीट काढावं लागतं, आणि गावाचं नाव 'प'ने. तर ती पुढच्या स्टॉपचं तिकीट काढायची. ते नाव सोपं होतं. आपला स्टॉप आला की चार माणसं उतरायची त्यांच्यामागून गुपचूप उतरायची, आणि एखाद्या दिवशी आपल्या स्टॉपवर कोणी उतरणारं नसलं तर बस थांबवायला ओरडावं लागेल म्हणून पुढे जाऊन दोन किलोमीटर मागे चालत यायची. अर्ध्या तिकिटातपण पाच-सात रुपये जास्त जायचे. आई ते ऐकून काहीच बोलली नाही, पदराने चष्मा पुसत राहिली. परतीच्या गाडीत धरणगाव गेलं तरी आम्ही तिघी गप्प होतो.

हे सगळं चालू असताना माझ्या डोक्यात 'नॉर्मल' हा शब्द घोळायला लागला होता, कारण जो तो तोच विचारत होता. ही नॉर्मल होईल का? नॉर्मल पोरीसारखं बोलेल का? हा शब्द आला कुठून बघितलं तर लॅटिनमध्ये नॉर्मा म्हणजे सुतार-गवंड्याचा गुण्या, काटकोन तपासायचा. आणि हिच्या घरात तर रोज संध्याकाळी सिमेंट लागलेला गुण्या दाराशी टेकवलेला असतो. मी वडिलांना सहज विचारलं की गुण्या लावल्यावर किती भिंती बरोबर निघतात. त्यांना वाटलं मला घराचं काम काढायचंय, ते मनापासून सांगायला लागले की नवीन बांधकामात आपण गुण्यातच उभं करतो, पण जुन्या घराची दुरुस्ती असली की "धाबाना घरमा एकबी कोपरा गुण्यामा नही ऱ्हास", आणि ती घरं शंभर वर्षं उभी आहेत, तिथे दार बसवायचं तर आधी कोपऱ्याचं माप घ्यावं लागतं आणि चौकट त्या मापाची बनवावी लागते. शिकाऊ गवंडी रेडिमेड चौकट ठोकायला जातो आणि भिंत फोडून बसतो. मला त्यांनी वीट आणि चुन्याचे भावपण सांगितले.

माणसांना गुण्या लावायची कल्पना त्या मानाने नवीन आहे. केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३५ साली 'सरासरी माणूस' मांडला, हजारो लोकांच्या मापांची सरासरी काढून, आणि सरासरी म्हणजेच आदर्श, बाकी सगळं चूक, असं त्याने धरलं. पुढे १९५०मध्ये अमेरिकन हवाई दलात विमानाची कॉकपिट सरासरी पायलटच्या मापाची ठेवायची की नाही यावरून ४,०६३ पायलटांची मापं घेतली, गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने दहा मापं निवडून बघितलं की दहाच्या दहा मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे किती. एकही नव्हता. मग सीट आणि पट्टे मागेपुढे सरकवता येतील असे केले, पायलट कापले नाहीत. माझ्या ४४ पोरांना मी एकाच वेगाने, एकाच बोलीत, एकाच आवाजात उत्तर द्यायला लावते आणि जो बसत नाही त्याच्यावर शेरा लिहिते, आणि भाषेचं तर विचारूच नका. २०११च्या जनगणनेत खान्देशी (आमची अहिराणी त्यातच येते) ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली गेलीय, अठरा लाखांवर बोलणारे आहेत, आणि माझ्या रजिस्टरात ती 'बोलीचा प्रभाव' आहे, सर्दी झाल्यासारखी.

नावं चिकटवण्याबद्दल एक जुना प्रयोग इथे सांगायलाच हवा. १९३९ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाच्या प्राध्यापकाच्या हाताखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने २२ अनाथ मुलांवर एक प्रयोग केला, त्यातल्या काही चांगल्या बोलणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगितलं गेलं की तुम्ही तोतरे होत चाललाय, जपून बोला, येत नसेल तर बोलूच नका. ती मुलं तोतरी झाली नाहीत. पण ती बोलायची कमी झाली, लाजायला लागली, शब्द उच्चारायच्या आधी अडायला लागली. जॉन्सन स्वतः अडखळत बोलणारा माणूस होता, हे मला जास्त लागलं. विद्यापीठाने २००१ साली माफी मागितली. मी माझ्या वर्गात यापेक्षा वेगळं काय केलं होतं? फक्त माझ्या हातून ते काळजीपोटी झालं.

जळगावहून आल्यावर मला इतका उत्साह आला की मी तिसरी चूक केली. २६ जानेवारी २०२४ला तिला भाषणाला उभं केलं. विषय साने गुरुजी, १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरला प्रताप हायस्कूलात शिकवायचे म्हणून आमच्याकडे हा विषय दर वर्षी असतोच. तिने नाही म्हटलं नाही, पण हो तरी म्हटलं का, हे मी नीट बघितलंच नाही. माइकवर पहिल्याच शब्दाला ती अडली, 'पूज्य'. माइकमुळे श्वासाचा आवाज मैदानभर ऐकू येत होता. सरपंच, पालक, सगळे. तेवढ्यात कोणीतरी टाळी वाजवली, धीर द्यायला म्हणून, मग सगळ्यांनीच वाजवल्या, तिने एक अक्षरही बोललेलं नसताना. ती कागद तिथेच ठेवून खाली उतरली. पुढचे चार दिवस शाळेत आली नाही. त्याच आठवड्यात अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन होतं, रस्तोरस्ती मराठीच्या कमानी लागल्या होत्या, सगळा तालुका ग्रंथदिंडीच्या तयारीत, आणि मी तिच्या दाराशी जाऊन उभी, ती बाहेर यायला तयार नाही.

पाचव्या दिवशी वही आली. मधल्या पानावर दोन ओळी होत्या. 'मॅडम, मला भाषण करायचं नव्हतं. मला फक्त हजेरीला बोलायचं होतं.'

दीड वर्षापूर्वी मी तिची हजेरी काढून घेतली होती, सोय म्हणून. तिला तेवढंच परत हवं होतं. स्टेज नको, बक्षीस नको, 'पाहा ही कशी जिद्दीने बोलते' असं कोणी म्हणायला नको, सकाळी पावणेअकराला बाकीच्या त्रेचाळीस जणांसारखं एकदा उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, 'हजर' म्हणशील का, 'ह' तुला सोपा जातो. तिने मान हलवली. नाही. 'प्रेझेंट'च. बाकीचे 'प्रेझेंट' म्हणतात.

तिच्याशी ठरवून वर्गाला सांगितलं, आणि सांगितलं तिनेच, फळ्यावर लिहून: मी अडखळते. मला वेळ लागतो. शब्द सांगू नका. एवढंच. दुसऱ्या दिवशी हजेरी. तिचा नंबर आला, मी मान वर करून तिच्याकडे बघत थांबले. खोटं कशाला बोलू, मी मनात आकडे मोजत होते, सवयच ती. ओठ मिटले, हनुवटी वर गेली, बाहेर पाण्याच्या टाकीत पाणी पडत होतं त्याचा आवाज येत होता, सात, आठ, खिडकीजवळचा पोरगा हसू दाबायला खाली वाकला, नऊ, दहा, अकरा. "प्रेझेंट मॅडम." मी पुढचा नंबर घेतला. शाबास म्हणायचं नाही असं ठरलेलं होतं, ते पाळणं मला खूप जड गेलं.

रोज असंच झालं असं काही नाही. कधी दोन सेकंद, कधी वीस, एकदा तिने हात वर केला आणि मी काही विचारलं नाही. हसणारा पोरगा दोन आठवड्यांनी हसायचा थांबला, मी रागावले म्हणून नाही, कंटाळला म्हणून, रोजच्या गोष्टीला किती हसणार. पण एक झालं जे मी ठरवलं नव्हतं. वर्गात मी प्रश्न विचारल्यावर थांबायला लागले, सगळ्यांसाठीच, सवय लागली. आणि तीन-चार पोरं जी कधीच बोलत नव्हती, त्यात दोन पावरा मुलं सातपुड्याकडून आलेली, घरात पावरी बोलणारी, ती उत्तरं द्यायला लागली. त्यांना उत्तर येत होतं. मनातल्या मनात मराठीत जुळवायला दोन-चार सेकंद लागत होते आणि तेवढ्यात माझी बस सुटलेली असायची.

विरोधपण झाला. एक सहकारी म्हणाले की मॅडम तुम्ही तिला वाया घालवताय, बाहेरचं जग थांबत नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी सुचवलं की मोठे अधिकारी येतील त्या दिवशी तिला मागे बसवा, शाळेचं इंप्रेशन. पहिल्या मुद्द्याला अर्थ आहे, मी तो टाळत नाही, जग थांबत नाही हे खरंय, पण म्हणून वर्गानेही थांबू नये हे मला पटत नाही, आणि ती जगात बोलायला शिकणार कुठे, जर शाळेतच हात वर करून भागवायचं असेल तर? दुसऱ्या मुद्द्यावर मुख्याध्यापक सर आणि मी एकमताने नाही म्हणालो, ती तिच्या जागेवर बसली, दुसऱ्या बाकावर.

कागदोपत्री मदत मिळेल का तेपण बघितलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषा दोष आहे पण त्याच्या व्याख्येत उदाहरणं आहेत ती स्वरयंत्र काढलेल्यांची, वाचा गेलेल्यांची, तोतरेपणाचं नाव वेगळं नाही. सर्टिफिकेटच्या मागे लागायचं का हे तिला विचारलं, ती नको म्हणाली. दहावीला भाषेच्या विषयात २० मार्क तोंडी आणि अंतर्गत कामाचे शाळेच्याच हातात असतात, तिथे घड्याळ आम्हीच लावतो, तर मी ते सगळ्यांसाठीच काढून टाकलं. तिची तोंडी चाळीस मिनिटं चालली. ती सतरा वेळा अडली. तिने 'पाहिलं' म्हटलं, आणि नंतर एकदा 'देखलं'पण म्हटलं, आणि त्या वेळी ते चुकवणं नव्हतं कारण त्याच वाक्यात तिने आधी 'पाऊस' म्हटला होता, तिला तिथे 'देखलं'च म्हणायचं होतं. मी मार्क कापला नाही. जुन्या रजिस्टरातला तो शेरा मी तिला दाखवला आणि माफी मागितली. तिने वाचला आणि म्हणाली, ह्याच्यात शुद्धलेखनाची चूक नाही. मला काय बोलावं कळेना, मग ती हसली तेव्हा मीपण हसले.

अडखळणं कमी झालं का असं सगळे विचारतात. थोडं झालं असेल, 'क' पूर्वीपेक्षा लवकर सुटतो, 'प' तसाच आहे. आईच्या डोक्यातली लग्नाची काळजी गेलेली नाही, पण आईने गेल्या श्रावणात कानबाईला त्या मागे बोलणाऱ्या बाईला सांगितलं म्हणे की गाताना का येतं आणि बोलताना का अडतं, लय वगैरे सगळं, माझ्यापेक्षा चांगलं, अहिराणीत. पोरगी आता अमळनेरला अकरावीला आहे. नवीन कॉलेज, नवीन हजेरी, नवीन मास्तर, पहिल्या दिवशी तिने स्वतः जाऊन सांगितलं, एका सरांनी नीट ऐकलं आणि एकांनी मध्येच वाक्य पुरं केलं, चुकीचं.

दिवाळीच्या सुट्टीत तिचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. एसटीचं तिकीट, अर्धं, मशीनमधून निघालेलं, थोडं चुरगळलेलं, आणि त्यावर तिच्या गावाचं नाव. पुढच्या स्टॉपचं नाही. मी लगेच विचारलं, किती वेळ लागला गं?

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. मोजला नाही मॅडम.